तिठ्यावरचा पिझ्झा

भूत बनवायला चीजचा एक स्लाइस, दोन काळ्या मनुका आणि बोटभर टोमॅटो सॉस पुरतो. भुताला घाबरायला मात्र शिक्षण लागतं. निदान माझ्या घरासमोरच्या सोसायटीत तरी जो जास्त शिकलेला तो जास्त घाबरला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

मी छाया. बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले आणि घरात बसून करायचं काय, म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचा छंदवर्ग घ्यायला लागले. नाशिकला इंदिरानगरात माझं बैठं घर आहे. घरासमोर तीन रस्ते मिळतात तो तिठा, आणि तिठ्याच्या पलीकडे सोसायटीचं फाटक. वर्गाची अठराच्या अठरा मुलं त्याच फाटकातून यायची. कागदाची फुलं, टाके घालणं, सुवाच्य अक्षर असं माझं आपलं साधं काम चाललं होतं. पण २००६च्या मे महिन्यात त्यांच्या आयांना थीम हवी झाली. थीम नसली तर पोरांची हाडं वाढायची नाहीत, अशा काळजीने त्या तो शब्द उच्चारायच्या. एकीची नणंद अमेरिकेत. तिकडे म्हणे भोपळ्याला डोळे कोरतात आणि भुताखेतांच्या आकाराचं खाणं करतात. तिने पाठवलेले फोटो छापून आणून माझ्या टेबलावर पसरले गेले.

"मॅडम, मुलांकडून असे भुतांचे छोटे छोटे पिझ्झे करून घ्या ना. किती क्यूट आहेत बघा!"

मी हो म्हटलं. मुलांसाठी म्हटलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. मराठीच्या बाईला पिझ्झा काय जमणार, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं आणि ते मला पुसून टाकायचं होतं.

दिवस ठरला शनिवारचा. त्या दिवशी अमावस्याही होती, पण मी काही पंचांग बघून स्वयंपाक करत नाही. बेकरीतून पिझ्झाचे बेस आणले आणि वाटी दाबून त्यांचे पुरीएवढे गोल कापले. उरलेल्या कडा दुसऱ्या दिवशी कांदा घालून फोडणीला टाकल्या, पोळीच्या कुस्करासारख्या लागल्या. भाजायला माझा गोल अ‍ॅल्युमिनियमचा ओव्हन काढून पुसून ठेवला होता, पण बरोबर चार वाजता वीज गेली. त्या वर्षीचं भारनियमन नाशिककरांना सांगायला नको. मग गॅसवर दोन तवे ठेवले, वर पराती पालथ्या घातल्या आणि झाला आमचा इटालियन कारखाना सुरू.

मुलांना मात्र मजा आली, हे कबूल केलं पाहिजे. एकाने चीजच्या पट्ट्या गुंडाळून बँडेज बांधलेलं भूत केलं. एकीने भुताला शेवेचे केस लावले. ढोबळ्या मिरचीची शिंगं तर इतकी झाली की तो भुतांचा नव्हे, म्हशींचा मेळावा वाटायला लागला. हर्षाली नावाची आठ वर्षांची मुलगी होती, तिच्या हातून सॉसची बाटली भसकन् दाबली गेली आणि तिच्या भुताचं तोंड कानापर्यंत गेलं. ती रडेल असं वाटलं. पण तिने गाजराचा एक काप घेतला, त्या तोंडात जीभ म्हणून खोचला आणि एक मनुका वर, एक खाली असे डोळे बसवले.

"हे हसतंय की रडतंय गं?" मी विचारलं.

"त्याला भूक लागलीये," ती म्हणाली.

बाकी सतरा मुलांनी आपापली भुतं जागच्या जागी फस्त केली. हर्षाली खाईना. तिला ते आजीला दाखवायचं होतं. तिचे आईवडील पिंपळगाव बसवंतला एका लग्नाला गेले होते, ते रात्री उशिरा येणार होते. घरात आजी एकटी, चतुराबाई नावाची. सगळा जन्म सायखेड्याच्या मळ्यात गेला आणि आता मुलाने फ्लॅटमध्ये आणून ठेवलेली. मी चंदेरी कागदी ताटलीत तो पिझ्झा ठेवून हर्षालीच्या हातात दिला आणि तिला फाटकापर्यंत सोडून आले.

मागे मोरीत सखुबाई तवे घासत होती. "बाई, ह्ये काय चिकाट लावून ठेवलंय? राखेनं बी निघंना," असं तिचं चाललं होतं. सखुबाई पेठ तालुक्याकडची. दहा वर्षांपूर्वी नवरा वारल्यावर मुलीला घेऊन नाशकात आली. माझं घर आणि सोसायटीतली पाच घरं अशी धुणीभांडी करायची. मुलगी सृष्टी जूनमध्ये दहावीला जायची होती. सखुबाईचं सगळं बोलणं फिरून फिरून त्या दहावीवर यायचं. पोरगी दहावी झाली की तिला नर्सिंगला टाकायची, हे तिने मला इतक्या वेळा सांगितलं होतं की मीच कंटाळून दोनदा "हो, टाक" म्हटलं होतं.

रविवारी सकाळी मी दूध घ्यायला बाहेर आले तर तिठ्यावर गर्दी. अर्धं वर्तुळ करून माणसं उभी होती आणि मध्ये रस्त्यावर ती चंदेरी ताटली होती. रात्रभरात चीज वाळून पिवळट, कातड्यासारखं झालं होतं. सॉस काळपट पडला होता. वर हळदकुंकू टाकलेलं, बाजूला कापलेलं लिंबू, सात लाल मिरच्या आणि मिठाची ढेकळं. त्या सगळ्यातून एक डोळा वर आणि एक खाली करून हर्षालीचं भुकेलं भूत लोकांकडे बघत होतं.

"उतारा आहे," कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

बत्तीस वर्षं मी मुलांना उतारे घालत आले. खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा. पण हा उतारा वाचायची एकाचीही छाती नव्हती. एक इंजिनिअर म्हणाले, ते रक्त आहे. बँकेतले दुसरे गृहस्थ म्हणाले, ती जीभ खरी आहे, बहुतेक बकरीची. गाजर कधी पाहिलं नव्हतं त्यांनी! एका बाईने बाळाच्या कानांवर हात ठेवले, आता भूत कानातून शिरतं हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे. मुलांना गॅलरीतसुद्धा येऊ दिलं नव्हतं. एका जरी मुलाला खाली आणलं असतं तर त्याने पहिल्या झटक्यात सांगितलं असतं, अय्या, हा तर पिझ्झा! पण तेवढी अक्कल त्या चोवीस फ्लॅटमध्ये मिळून नव्हती.

हर्षालीचे वडील दीपकराव सोसायटीचे चेअरमन. ठिबक सिंचनाच्या नळ्यांची एजन्सी, बोटात तीन अंगठ्या. ते लग्नाहून रात्री एक वाजता आलेले, त्यामुळे पिझ्झा त्यांच्या दृष्टीस पडलाच नव्हता. ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हे बाहेरच्या माणसाचं काम आहे. आपल्याकडे सगळे सुशिक्षित आहेत."

तेवढ्यात सखुबाई आली. हातात पिशवी, डोक्यावर पदर. काय झालंय ते बघायला ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आणि पहिल्या मजल्यावरची एक बाई एकदम ओरडली, "हीच! काल दिवेलागणीला ही इथेच खाली वाकलेली होती. मी पाहिलंय."

"चपलेचा अंगठा तुटला व्हता," सखुबाई म्हणाली. "पिन लावत व्हते."

"पेठकडची ना तू?" दुसरीने विचारलं. "तुमच्याकडे हे सगळं चालतं म्हणे."

"आमच्याकडं कामाला टाइम नाय ताई, ह्ये कवा करू?"

पण उत्तर ऐकायला कुणी प्रश्न विचारलाच नव्हता. काल हिने बाउल फोडला तेव्हा मी बोलले होते, असं एकीला आठवलं. माझ्या मुलाला परवापासून जुलाब होतायत, असं दुसरीला आठवलं. आंबे खाऊन झाले असतील हे तिला आठवलं नाही. दीपकरावांनी तिथल्या तिथे निकाल दिला. उद्यापासून ही फाटकाच्या आत येणार नाही, वॉचमनला तसं सांगितलंय. पाच घरं पाच मिनिटांत गेली.

सखुबाईने माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही तरी सांगा ना ह्यांना. मी तशी हाय का?"

आता मी काय केलं ते सांगते. मी त्या पिझ्झ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मग म्हटलं, "अगं, होईल शांत सगळं. चल, तू आत चल. चहा टाकते."

एवढंच. एक वाक्य बोलले असते, की हा माझ्या वर्गातला पिझ्झा आहे, तर तिथेच सगळं मिटलं असतं. पण ते वाक्य बोलले की पुढचं मला स्पष्ट दिसत होतं. शनिवारी, अमावस्येला, या बाईने आमच्या लेकरांच्या हातून भुतं करून घेतली! थीम कुणी मागितली होती ते क्षणात विसरलं गेलं असतं. मॅडमना पिझ्झा करायला सांगितला तर करणीचं सामान करून दिलं, अशी टिंगल पुढची दहा वर्षं पुरली असती. लोकांवर हसायची मला जुनी सवय आहे, लोकांनी माझ्यावर हसायची नाही. म्हटलं, जरा निवळू दे, मग सावकाश सांगू.

दहाच्या सुमारास गल्लीतल्या पिवळ्या कुत्र्याने मिरच्या बाजूला सारून तो पिझ्झा खाल्ला, ताटली चाटली आणि माझ्या कंपाउंडच्या सावलीत ताणून दिली. सोसायटीतले लोक गॅलऱ्यांमधून संध्याकाळपर्यंत त्याच्या मरणाची वाट बघत होते. ते कुत्रं पाच वाजता उठलं, अंग झटकलं आणि आणखी काही मिळतंय का म्हणून त्यांच्याच फाटकापाशी जाऊन बसलं.

सोमवारी फाटकाला लिंबू-मिरची लागली. मंगळवारी गुरुजी बोलावून शांती केली, सगळ्यांनी घरटी नारळ दिला. इंजिनिअर साहेब सोवळं नेसून बसले होते, ते मला खिडकीतून नीट दिसलं आणि मी मनसोक्त हसले. हे सगळं मी सखुबाईला नकला करून दाखवत होते. ती हसत नव्हती. ती माझ्याकडे कामाला येतच होती आणि मला त्याचा फार अभिमान वाटत होता. सगळ्यांनी काढलं, मी नाही काढलं! तिला दोनदा चहा दिला, एक जुनी साडीही दिली. आपण किती पुढारलेल्या आहोत, असं मला त्या तीन दिवसांत जितकं वाटलं तितकं आधी कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी ती म्हणाली, "बाई, पलीकडच्या दोन कॉलन्यांत फिरून आले. त्यांना आधीच कळलंय. एका घरात खोलीचं भाडं बी निघत नाय. आता गावाला जावं लागंल."

"आणि सृष्टी?"

"शाळेतून दाखला काढते. तिकडं घालते कुठंतरी." मग म्हणाली, "ती काल रातच्याला जेवली नाय. म्हनली, आई तू खरंच काय केलं नाय ना?"

हे ऐकूनसुद्धा मी म्हटलं, "बघू, काहीतरी मार्ग निघेल. उद्या वर्गाचा समारोप आहे, तेवढं पन्ह्याचं बघशील ना?"

बुधवारचा समारोप. माझ्या घराच्या हॉलमध्ये मुलांच्या वस्तू मांडल्या होत्या, आईबाप खुर्च्यांवर, आणि प्रमुख पाहुणे कोण, तर दीपकराव. ते बोलायला उभे राहिले आणि मुलांमध्ये लहानपणापासून वैज्ञानिक दृष्टिकोन रुजवला पाहिजे, यावर सात मिनिटं बोलले. खिशात मंगळवारच्या शांतीचा अंगारा असेल, मी पैजेवर सांगते. टाळ्याही पडल्या.

भाषण संपताना हर्षाली आजीचं बोट धरून आत आली. चतुराबाई नऊवारी नेसलेली, ताठ, डोळे बारीक करून सगळीकडे बघणारी. खुर्ची दिली तरी बसली नाही. सखुबाई पन्ह्याचा ट्रे घेऊन आली तशी तिची नजर तिच्यावर गेली.

"सखू, चार दिस कुठं गं गायब? भांडी पडल्यात ढीगभर. सूनबाई म्हनती, तूच काम सोडलं."

दीपकराव म्हणाले, "आई, तू बस ना. नंतर बोलू." आईला घाबरवायचं नाही म्हणून घरात तिच्यापासून सगळं लपवलेलं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

सखुबाईने ट्रे खाली ठेवला. "मी नाय सोडलं आजी. मला काढलं. तिठ्यावर उतारा ठेवला म्हनून."

"कोन्ता उतारा?"

"शनिवारचा. भुताच्या तोंडाचा."

"आगं बया! त्यो तर मी ठेवला."

सगळ्या माना दीपकरावांकडे वळल्या. चतुराबाईला मात्र त्यात लाजण्यासारखं काहीच वाटत नव्हतं. ती सगळ्यांकडे बघत, शेजारणीला पापडाची कृती सांगावी तसं सांगत होती. "शनिवार, त्यात अवस, आन् ही पोरगी भुताचं तोंड घेऊन घरात! मास्तरीणबाईंनी करायला लावलं म्हनं. म्हटलं, खायला द्यावं तर भूत, उकिरड्यावर टाकावं तर अन्न. मग पोरीवरनं सात येळा उतरवलं, मीठमिरची ठेवली आन् गेले घेऊन तिठ्यावर. मागं वळून बी नाय बघितलं. त्यात हिचा काय संबंध?"

"आई!" दीपकरावांचा चेहरा त्या सॉससारखा झाला होता.

"आई काय आई? मला इचारायचं नाय का? माझ्यापायी ह्या बाईवर आळ आला, तुझ्या तोंडाला काय कुलूप व्हतं का?"

आणि मग कोण हसलं कुणास ठाऊक, पण एकजण हसला आणि सगळेच सुटले. आजी, तुम्ही पण ना! अहो, जुन्या लोकांची श्रद्धा असते ती! जी गोष्ट चार दिवस करणी होती ती चेअरमनच्या आईने केलेली निघताच श्रद्धा झाली. बकरीची जीभ ओळखणारे गृहस्थ तर म्हणाले, मला तेव्हाच वाटलं होतं हे गाजर आहे. आपण एका बाईच्या पोटावर पाय दिला होता, हे एकाच्याही लक्षात राहिलं नव्हतं. चतुराबाईच्या लक्षात होतं. ती मुलाकडे बघत उभीच राहिली. शेवटी दीपकराव सखुबाईला "सॉरी हं, गैरसमज झाला, उद्यापासून ये" असं भिंतीकडे बघत म्हणाले. चतुराबाईने सखुबाईचा हात हातात घेतला आणि उद्या येताना पोरीलाही जेवायला घेऊन ये म्हणून सांगितलं.

माझ्याबद्दल कुणी काही बोललं नाही. पिझ्झा माझ्याकडचा, हे चतुराबाई सगळ्यांदेखत बोलून गेली, पण हसण्याच्या भरात ते कुणाच्या कानावर पडलं, कुणाच्या नाही. मला वाटलं, सुटले. इतकी हलकी झाले की उरलेलं पन्हं दोन ग्लास मीच प्यायले.

सगळे गेल्यावर सखुबाई मोरीत ग्लास विसळत होती. मी दारात जाऊन म्हटलं, "चला, मिटलं बाई एकदाचं. बघितलंस ना एकेकाचं तोंड? मूर्खांचा बाजार नुसता."

ती ग्लास विसळत राहिली. शेवटचा ग्लास पालथा घालून झाल्यावर म्हणाली, "बाई, रविवारी तुम्ही ते बघून मान फिरवली. मला वाटलं, तुम्हालाबी भ्या वाटलं."

मी पालथे ग्लास मोजायला लागले.

"पन तुम्हाला वळखू आलं आसंल. पोरांच्या हातून तुम्हीच करून घेतलं ना ते? तवा तर मी घासला."

खोटं बोलता आलं असतं. गर्दी होती, वर मिरच्या होत्या, नीट दिसलं नाही, काहीही. बत्तीस वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या होत्या, एखादी चांगली मलाही सुचली असती. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती आणि मी म्हटलं, "मी सांगणारच होते गं."

"कवा?"

दाखला काढल्यावर? एसटीत बसल्यावर? बहुतेक कधीच नाही.

तिने हात पुसले, फडकं झटकून दोरीवर वाळत घातलं. "त्यांची पाच घरं धरते उद्यापासून. तुमचं नाय जमायचं."

"अगं, त्यांनी तुला हाकललं! चेटकीण ठरवलं! मी तर तुला एक दिवससुद्धा काढलं नाही. आणि तू त्यांच्याकडे जाणार, माझ्याकडे नाही?" माझा आवाज चढला होता. मला राग आला होता, आणि तो तिच्यावर नव्हता हे मला कळत होतं.

"त्यांना ठावं नव्हतं, बाई," सखुबाई म्हणाली. तिने पायात चपला सरकवल्या, पिशवी घेतली आणि मागच्या दाराने निघून गेली.